दहावं घर

मामाला ऐकू येत नाही, याचं तांबट आळीत
कुणाला फारसं काही वाटत नाही.
चाळीस वर्षं मठार केल्यावर कान जातातच,
जसे सुताराच्या हातात सल राहतात.

दुपारी एक ते चार आळी झोपते.
तेव्हा तो गादीखालून पत्रा काढतो,
कुठल्याशा बंबाच्या कापातून उरलेला,
आणि त्यावर पोगराने उठवलेली चांदणी:
पाच सरळ रेघा, एकीतून दुसरी,
बाहेर पाच टोकं, आत पाच छेद.
दहा घरं. काड्यापेटीत नऊ चिंचोके.
समोर बसायला कुणी लागत नाही.

नियम एवढाच की
रिकाम्या घरावर बोट ठेवायचं, म्हणायचं एक.
त्याच रेघेवर पुढे, दोन.
दोनमध्ये कुणी बसलेलं असेल तर असू दे,
त्याला विचारायचं नाही, ओलांडायचं.
तीन. तिथे कुणी नसावं. तिथे चिंचोका.
वळायचं नाही. बसलेल्याला उठवायचं नाही.
असे नऊच्या नऊ.

मी सातवीत होते आणि सातातच अडकायचे.
घरं तीन मोकळी, हातात दोन चिंचोके,
आणि प्रत्येक वाट कुणाच्या तरी मांडीवर जाऊन संपायची.
मामा बघायचा. काही बोलायचा नाही.
पंज्याने सगळं गोळा करून पुन्हा माझ्या ओंजळीत.

सांगितलं ते एका मे महिन्यात.
गुपित म्हणून माझ्या कानाशी वाकला
आणि ओरडला,
कारण त्याला दुसऱ्या तऱ्हेने बोलता येतच नाही:
"मागच्या वेळी जिथनं निघालीस ना,
पुढच्याला तिथं आणून बसव!"
समोरच्या माडीवरून पोटफोडेकाकू म्हणाल्या,
"कळलं हो, आम्हालाही कळलं. झोपू द्या आता."

त्या दिवसापासून खेळ सुटला. दर वेळी नऊ.
आणि सुटल्यावर मी तो सोडूनही दिला.
मामा मात्र रोज मांडतो.
मी एकदा खुणेने विचारलं, माहीत असताना कशाला?
तो म्हणाला, बंब कसा करायचा तेही माहीत आहे.

मागच्या महिन्यात त्याला रास्ता पेठेत नेलं.
काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर टोप्या.
पाटीवर लिहून दाखवलं: आवाज आला की बोट वर.
बोट छान वर जात होतं.
डॉक्टरीणबाई खूश, मीही खूश,
मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस
मनात मोजतोय, आणि दर तिसऱ्याला बोट उचलतोय.

यंत्र आलं. बावीस हजार, हप्त्याने.
चिंचोक्यापेक्षा थोडं लहान, रंगही जवळपास तोच.
दुकानात बसून कानात घातलं,
आणि सवयीने हातोडी उचलून
परातीवर एक ठोका मारला.
दुसरा मारायला गेलेला हात तसाच वर राहिला.
माझ्याकडे बघून, पहिल्यांदाच हळू आवाजात:
"हे एवढं? रोज? तुम्हाला सगळ्यांना?"

मी हो म्हटलं. त्याला ते ऐकू गेलं.

जेवून आलो. आळी झोपली.
पत्रा निघाला. एक दोन तीन, एक दोन तीन,
नऊ बसले बिनचूक.
उरलेलं घर, शेवटचा जिथून निघाला ते.
त्याने कानातलं काढलं आणि
त्या दहाव्या घरात ठेवलं.

ते तिथे बारीक शीळ घालत होतं.
मला ऐकू येत होती, त्याला नाही.
तो भिंतीला टेकून ओरडला,
"बघ, भरलं!"
काकूंच्या खिडकीची एक झडप लागली.

मला सांगायचं होतं की नियमात हे बसत नाही.
एवढ्यात चार वाजले.
पलीकडच्या दुकानात कुणीतरी पहिला ठोका घातला.
मामाचे डोळे मिटलेले.
पत्र्यावर, दहाव्या घरात,
त्याच्या वाटचं ते ऐकलं गेलं.